हळवा म्हणजे रडवा नव्हे! मनातलं चेहऱ्यावर दिसू देणाऱ्या माणसांना काय म्हणावं?

लोणंदच्या बाजारात कांद्याचे दोन प्रकार कानावर पडतात, हळवा आणि गरवा. हळवा लवकर तयार होतो, पावसाळा सरल्यावर बाजारात येतो आणि फार टिकत नाही. काढला की विकायचा. गरवा उन्हाळ्याच्या तोंडाला निघतो आणि चाळीत घातला की काही महिने राहतो. जावळी-पाटणकडच्या भातातही तोच हिशेब आहे: हळवं, निमगरवं, गरवं. एखाद्या माणसाला आपण हळवा म्हणतो तेव्हा मूळ मुद्दाही एवढाच असतो, की याच्या मनात भावना लवकर येते. पाठवणी शेजारच्या घरातल्या मुलीची असते आणि डोळे हिचे भरतात. बातमीत पुरात अडकलेलं लहान पोर दिसलं की याच्या हातातला घास तसाच राहतो.

यात बरं-वाईट असं काही नाही. पण वापरता वापरता या शब्दाला दुबळेपणाची छटा चिकटली. "लई हळवं हाय ते पोरगं, पोलिसात कसं टिकायचं?" असं वाक्य आमच्या साताऱ्याकडे कुठल्याही पारावर ऐकू येईल. हळवं म्हणजे रडकं, रडकं म्हणजे भित्रं, अशी उडी त्यात एका दमात मारलेली असते आणि ऐकणाऱ्यालाही ती खटकत नाही. उलट 'गरवा माणूस' असा शब्द आपण केलाच नाही. केला असता तर सोय झाली असती. राग किंवा दुःख उशिरा येणारी आणि मग वर्षानुवर्षं जपून ठेवणारी माणसं प्रत्येक भावकीत असतात.

मनातलं उघड दाखवणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. तापट, हळवा, मनमोकळा, फटकळ, रडवा, दिलखुलास, भाबडा, आक्रस्ताळा, मायाळू, भावनाप्रधान, नाटकी. अडचण अशी, की हे सगळे शब्द एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत आणि आपण ते बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतो. मग शाळेच्या पालकसभेत, लग्नाच्या बोलणीत, दवाखान्यात, भावाभावांच्या वाटणीत गैरसमज होतात.

तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की गुंता बराच सुटतो. पहिली, आत भावना किती पटकन आणि किती जोरात उठते. दुसरी, त्यातलं चेहऱ्यावर, आवाजात, हातवाऱ्यांत किती उमटतं. तिसरी, बघणाऱ्याला ते उमटणं किती रुचतं. पहिल्या दोन त्या माणसाबद्दल आहेत. तिसरी शब्द वापरणाऱ्याबद्दल आहे, आणि तीच लबाड आहे, कारण ती विशेषणाच्या पोटात लपून बसते.

पहिल्या दोहोंतला फरक मानसशास्त्राने मोजूनही पाहिला आहे. जेम्स ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९९०च्या दशकात १६ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. 'बर्कली एक्स्प्रेसिव्हिटी क्वेश्चनेअर' हे तिचं नाव. लोकांची उत्तरं तपासली तेव्हा ती तीन गटांत पडली: भावनेचा आतला जोर, राग-दुःख-भीती यांसारख्या नकोशा भावना दाखवणं, आणि आनंद-माया यांसारख्या हव्याशा भावना दाखवणं. म्हणजे 'भावना दाखवणारा माणूस' असा एकच एक नमुना नाही. खळखळून हसणारा, भेटेल त्याच्या खांद्यावर हात टाकणारा काका स्वतःचं दुःख कुणाला कळू देत नाही. सकाळपासून भांडी आपटणारी आत्या कौतुकाचा एक शब्द तोंडातून काढत नाही. दोघांबद्दलही आपण सांगतो काय, तर "पोटात काय ठेवत न्हाई बघा." दोघंही पोटात बरंच काही ठेवतात. काका एक ठेवतो, आत्या दुसरं.

विशेषणं अशी गडबड करत असली तरी आपली क्रियापदं मात्र बरीच चोख आहेत. रागच घ्या. राग येतो. राग धरतात, गिळतात, आवरतात, काढतात, आणि काढतात तो बहुतेक वेळा भलत्यावरच. कुणाचा नाकावर असतो. शेवटी तो निवळतो किंवा मनात राहतो. यातलं 'येणं' आपल्या हातात नाही असं व्याकरणच सांगतं: 'मला राग आला' या वाक्यात कर्ता राग आहे. 'मला रडू आलं', 'मला हसू फुटलं', 'मला गहिवरून आलं', सगळीकडे 'मला' आहे, 'मी' नाही. धरणं, गिळणं, काढणं यांत मात्र 'मी' येतो. आत काय उठलं हा एक व्यवहार आणि मी त्याचं काय केलं हा दुसरा, हे न शिकलेला माणूसही बोलताना चुकत नाही.

'तापट' म्हटलं की हे दोन्ही व्यवहार एकत्र कालवले जातात. ज्याला राग लवकर येतो तो तापट, की ज्याला तो आवरत नाही तो? 'शीघ्रकोपी' पहिल्या बाजूचा शब्द आहे. 'आक्रस्ताळा' दुसऱ्या बाजूचा. त्यात आरडाओरडा आहे, आत राग किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'तापट' दोन्हीकडे चालतो, म्हणूनच तो सगळ्यात जास्त वापरला जातो.

रडण्याच्या बाबतीत भाषेने फारच बारीक काम केलं आहे, तिथे जरा थांबावं लागेल. सगळ्यात आधी डोळे पाणावतात. शेजारच्यालाही कळत नाही, चष्मा पुसायचं निमित्त पुरतं. मग डोळे भरून येतात, कंठ दाटतो, बोलणारा वाक्याच्या मध्येच थांबतो. टिपं गाळणं यात पाणी गालावर आलेलं असतं, पण आवाज नसतो. मुसमुसणं आणि स्फुंदणं यांत श्वास सामील होतो. हुंदका हा मला या सगळ्यातला फार प्रामाणिक शब्द वाटतो: रडू येतंय आणि माणूस ते अडवतोय, ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असल्याचा तो आवाज. त्यापुढे हमसून हमसून, ओक्साबोक्शी, धाय मोकलून. मोकलणं म्हणजे सोडून देणं. इथे अडवणं संपलं. आणि शेवटी हंबरडा, टाहो. इथे रडणं चार घरं पलीकडच्या माणसांना बोलावून आणतं.

म्हणजे 'ती खूप रडली' या तीन शब्दांत जे कळत नाही ते 'ती मुसमुसत होती' आणि 'तिने हंबरडा फोडला' यांत कळतं. दुःख किती मोठं होतं हे दोन्हींत सांगितलेलं नाही, हेही ध्यानात ठेवावं. ते किती बाहेर आलं, एवढंच सांगितलं आहे. मुसमुसणारीचं दुःख लहान, असा अर्थ काढायची आपल्याला सवय आहे. ती चुकीची.

पण क्रियापदंही अगदी सोवळी नाहीत. वर सांगितलेल्या रांगेच्या बाजूला आणखी एक रांग आहे: गळा काढणं, भोकाड पसरणं, रडगाणं गाणं, नक्राश्रू ढाळणं. आवाजाच्या मापाने गळा काढणं आणि टाहो फोडणं शेजारी-शेजारीच बसतील. मयताच्या घरी लेक मोठ्याने रडली तर लोक म्हणतात, हंबरडा फोडला. बरीच वर्षं न आलेली चुलत सून तेवढ्याच मोठ्याने रडली तर बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणतं, "काढला बघ गळा." आवाजात काही फरक नसतो. रडायचा हक्क कुणाचा किती, याचा निवाडा ऐकणाऱ्याने आधीच केलेला असतो. वर म्हटलेली तिसरी गोष्ट ती हीच.

पुरुषांच्या रडण्यासाठी तर वेगळीच भाषा आहे. बातम्यांत पुढारी गहिवरतो, खेळाडूला अश्रू अनावर होतात आणि हल्ली सरसकट सगळेच 'भावुक' होतात. 'अनावर' या शब्दाची युक्ती पाहण्यासारखी आहे: गड्याने आवरायचा प्रयत्न केला होता, हे तो शब्द आधीच नोंदवून टाकतो. बाईच्या वाट्याला अशी साक्ष फार क्वचित येते. 'रडूबाई' आहे, 'रडूबुवा' नाही. 'रडतराऊत' आहे म्हणा, पण तो कुरकुरत, नाइलाजाने कामाला लागणारा. त्याच्या डोळ्यांत पाणी असतंच असं नाही.

रागात हेच चित्र उलटं होतं. घरातला पुरुष ओरडला की तो कडक, करारी, शिस्तीचा. फारच झालं तर "तापाट हाय, पर मनाचा मोकळा." त्याच आवाजात बाई बोलली की आक्रस्ताळी, तोंडाळ, कजाग. कजाग पुरुष कधी कुणी पाहिला आहे का? दोघांनीही राग दाखवलाच आहे. एकाच्या दाखवण्याला आपण दरारा म्हटलं आणि दुसऱ्याच्या दाखवण्याला दोष. मुलामुलींना स्वभावाबद्दलचे शब्द आपण कुठून शिकवतो, तर अशा वाक्यांतून.

मनमोकळ्या माणसांचं कौतुक करताना आपण एक गोष्ट ठासून सांगतो: बोलून टाकलं की मन हलकं होतं, राग काढला की जातो. यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं असतं, ऐकणारा शहाणा असेल तर. दुसऱ्याबद्दल मात्र पुरावा वेगळं सांगतो. ब्रॅड बुशमन या अमेरिकी संशोधकाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुद्दाम चिडवलेल्या विद्यार्थ्यांना, चिडवणाऱ्याला मनात आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. नुसतेच स्वस्थ बसवून ठेवलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा हे ठोसे मारणारे नंतर जास्त रागावलेले आणि जास्त आक्रमक निघाले. तेव्हा आदळआपट करणाऱ्याला 'मनात काही न ठेवणारा' म्हणून गौरवायचं कारण नाही. आदळून झाल्यावरही मनात बरंच उरतं.

दाबून ठेवण्याचीही किंमत मोजावी लागते. ग्रॉस यांनीच रॉबर्ट लेव्हनसन यांच्याबरोबर १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना किळस येईल अशी चित्रफीत दाखवली आणि काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका असं सांगितलं. त्यांना चेहरा बऱ्यापैकी कोरा ठेवता आला, पण किळस काही कमी वाटली नाही, आणि घामाच्या मोजमापात शरीरावरचा ताण उलट वाढलेला दिसला. आपल्याकडे याला 'धुमसणं' आणि 'कुढणं' असे दोन शब्द आहेत. रागाने धुमसतात, दुःखाने कुढतात. बाहेरून दोन्हीकडे शांतता. अशा माणसाला आपण घुमा, मख्ख, कोरडा किंवा दगड म्हणून मोकळे होतो. त्याउलट कुणी त्याला संतासारखा स्थितप्रज्ञही म्हणतं. सगळे अंदाजच. चेहरा कोरा असणं ही माहिती फक्त चेहऱ्याबद्दल आहे.

मग एक माणूस कधी दाखवतो आणि कधी लपवतो, हे ठरतं कशावरून? स्वभाव हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं प्रसंगात असतं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये यासाठी 'डिस्प्ले रूल्स' हा शब्दप्रयोग वापरला. कुठे, कुणासमोर, कोणती भावना किती दाखवायची याचे न लिहिलेले नियम. या नियमांप्रमाणे माणूस चारपैकी एक गोष्ट करतो, असं ते म्हणाले: आहे त्यापेक्षा वाढवून दाखवतो, कमी करून दाखवतो, काहीच दाखवत नाही किंवा तिच्यावर दुसरीच भावना पांघरतो. मराठीने हे चारही प्रकार केव्हाच टिपून ठेवले आहेत. आव आणणं. आवरतं घेणं. चेहऱ्याची रेघही न हलू देणं. आणि चौथा, सगळ्यात देखणा: हसून साजरं करणं. सासरी अपमान झाला, हसून साजरं केलं. ज्या भाषेत हा वाक्प्रचार आहे तिला मानसशास्त्राने फार काही शिकवायला नको.

हे नियम कसे बदलतात ते पाहायला सातारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या तर नावातच फौज आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणूस असलेली घरं जिल्ह्यात सगळीकडे आहेत. सुट्टी संपवून निघणाऱ्या पोराला निरोप देताना डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, हे त्या घरांतल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तिला कोरडी म्हणणारा माणूस मूर्ख म्हणावा लागेल. तिला आत काय येतं आणि ती त्याचं काय करते, यात किती अंतर आहे हे तिला पुरतं ठाऊक असतं.

आणि आषाढात याच जिल्ह्यात काय दिसतं? ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडते, माउलींच्या पादुकांना नीरास्नान होतं, आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथे उभं रिंगण होतं. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. बांधावर दिवसाला दहा वाक्यंही न बोलणारा शेतकरी इथे फुगडी घालतो, अनोळखी माणसाच्या पाया पडतो, उराउरी भेटतो, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना ते पुसायचीही त्याला गरज वाटत नाही. इथे कुणी त्याला रडवा म्हणत नाही, हळवाही म्हणत नाही. फार तर भाविक म्हणतील. घरी परतला की पुन्हा घुमा. माणूस बदललेला नसतो. त्याला वारीत परवानगी होती, घरात नाही, एवढाच फरक. त्याच्या बायकोला विचारलं तर ती मात्र म्हणेल, "माउलीसमोर रडतंय, पोरीच्या लग्नात न्हाई रडलं." तिची तक्रार रास्त आहे.

इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तिथे 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला तिथपासून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजतात, आणि बालगंधर्वांचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचा. अशा मुलखातसुद्धा 'नाटकी' ही शिवीच आहे, याची मला गंमत वाटते. खरं तर नाटकवाल्यांनी या विषयावर सगळ्यांच्या आधी नीट विचार केला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात मनातला मूळ भाव, म्हणजे स्थायीभाव, आणि तो बाहेर दिसतो त्या खुणा, म्हणजे अनुभाव, असे दोन वेगळे शब्द आहेत. शिवाय आठ सात्त्विक भाव वेगळे सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे थिजून जाणं, घाम फुटणं, काटा येणं, आवाज फुटणं, थरथरणं, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळ्यांत पाणी येणं आणि शुद्ध हरपणं. हात हवा तसा हलवता येतो, पण अंगावर काटा मागितला म्हणून येत नाही. 'आव आणला' म्हणताना आपण जो संशय घेतो तो हातवाऱ्यांवर घेतो, काट्यावर नाही. म्हणून कुणाला नाटकी म्हणण्याआधी हे आठवावं, की मोठे हातवारे करणाऱ्याच्या अंगावर काटाही आलेला असू शकतो. दाखवणं मोठं असलं म्हणजे आत काही नाही असं होत नाही.

आता काही शब्दांची थोडक्यात झाडाझडती घेतो.

फटकळ, परखड, रोखठोक, स्पष्टवक्ता हे चार शब्द भावनांच्या यादीत चुकून शिरलेले आहेत. ही माणसं मत लपवत नाहीत. मन लपवतात की नाही ते वेगळं. अतिशय फटकळ माणूस स्वतःला काय लागलं ते जन्मात सांगत नाही, असं पुष्कळदा दिसतं. या चारांत पसंतीची उतरंड मात्र आहे: आपल्या बाजूचा बोलला की परखड, विरुद्ध बाजूचा बोलला की फटकळ. शोकसभेत 'त्यांचा स्वभाव परखड होता' असं ऐकलं की समोरच्या रांगांमधले चार-पाच जण एकमेकांकडे का बघतात, ते सांगायला नको.

भावनाप्रधान हा त्यातल्या त्यात समतोल शब्द आहे: निर्णय घेताना हिशेबापेक्षा भावनेला मान देणारा. तो रडतो की नाही याबद्दल हा शब्द काही बोलत नाही. 'तो फार भावनिक आहे' हे मात्र मला खटकतं. आवाहन भावनिक असतं, प्रश्न भावनिक असतो. माणूस भावनाप्रधान असतो किंवा भावनाशील. पण ही लढाई हरल्यातच जमा आहे, कारण घराघरांत आता 'इमोशनल' आणि 'सेंटी' चालतात आणि 'भावनिक' हा त्यांचाच मराठी सदरा.

भाबडा म्हणजे भावना दाखवणारा नाही, समोरच्याची भावना खरी मानणारा. हळवे लोक भाबडे असतातच असं नाही. काही हळवी माणसं व्यवहाराला इतकी पक्की असतात की डोळ्यांत पाणी ठेवूनही उसने दिलेले पैसे परत मागायला चुकत नाहीत.

संवेदनशील हा शब्द दुसऱ्याचं दुःख टिपणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्याच दुःखाने वारंवार कोलमडणाऱ्याला तो सभ्यपणा म्हणून दिला जातो. निवडणूक आली की मतदान केंद्रंही संवेदनशील होतात, म्हणजे तिथे डोकी फुटायची शक्यता असते. काही घरांतले संवेदनशील लोकही साधारण त्याच अर्थाने संवेदनशील असतात.

आनंद आणि माया दाखवणाऱ्यांसाठी दिलखुलास, मनमोकळा, लाघवी, मायाळू असे चांगले शब्द आहेत, पण त्यांच्या मागे हुरळणारा, उथळ, अघळपघळ हे पाळतीवर असतात. आपल्याकडे आनंद जरा जास्त वेळ दाखवला की तो उथळपणा ठरतो. पुरुष दिलखुलास हसतात आणि मुली खिदळतात, हेही आहेच.

रोजच्या वापरात याचा उपयोग काय, तर सगळ्यात जास्त लग्नाच्या बोलणीत. "मुलगा जरा तापट आहे, पण मनाने निर्मळ" हे वाक्य सातारा-सांगलीच्या कुठल्याही बैठकीत येतं आणि मुलीकडचे मान डोलावतात. माझ्या मते इथे मान डोलवू नये, प्रश्न विचारावा: राग आला की तो काय करतो? गप्प बसतो, बाहेर चक्कर मारून येतो, ताट सरकवतो, की हात उचलतो? चारही जण तापटच म्हणवले जातील, पण यांतल्या शेवटच्याबरोबर संसार करायचा नसतो. "मुलगी हळवी आहे, सांभाळून घ्या" यावर मुलाकडच्यांनीही विचारावं, की मनाला लागलं तर ती सांगते की मनात ठेवते? सांगणारी असेल तर सांभाळायला फारसं काही उरत नाही.

शाळेतही तेच. 'मुलगा रडका आहे' असा शेरा घेऊन घरी आलेल्या बापाला त्यातून काहीच हाती लागत नाही. 'गणिताच्या तासाला फळ्यासमोर उभं केलं की त्याला रडू फुटतं, एरवी हसतखेळत असतो' असं बाई म्हणाल्या, तर बापाला निदान कुठे बघायचं ते कळतं.

एका ठिकाणी या शब्दांची चूक महागात पडते, ते म्हणजे आजारपण. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर घरातले आजोबा टीव्हीवरची साधी जाहिरात पाहून रडायला लागतात, कधी भलत्या वेळी हसू येतं आणि थांबतच नाही. घरचे म्हणतात, आजारपणाने हळवे झाले. तसं असेलही. पण मेंदूला इजा झाल्यावर रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो अशी एक वैद्यकीय अवस्था आहे, तिला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. यात डोळ्यांतलं पाणी आणि मनातलं दुःख यांची सांगड तुटलेली असते. माणूस ओक्साबोक्शी रडतो, आणि विचारलं तर म्हणतो, मला वाईट काहीच वाटत नव्हतं, नुसतं रडू आलं. त्याला स्वतःलाच त्याची लाज वाटते, मग तो माणसांत बसणं टाळतो. यावर औषधं आहेत. झटक्यानंतर येणारं नैराश्य हे याहून वेगळं; त्यात मन सतत खिन्न राहतं, झोप आणि भूक बिघडते, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. काही जणांना दोन्ही एकदम असतात. त्यामुळे डॉक्टरांसमोर 'हळवे झालेत' एवढ्यावर थांबू नका. रडू कशावरून येतं, किती वेळ टिकतं, एकदम थांबतं का, दिवसातून किती वेळा येतं ते सांगा. आणि त्या वेळी खरंच वाईट वाटत होतं का, हे आजोबांनाच विचारा, त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका.